तुर्की भयपटांत होजा नेहमी हरतो का?

भुईकमळ

काही दिवसांपासून तुर्की भयपट बघायला लागलोय आणि आता थांबवत नाही. 'सिज्जिन'चे पहिले दोन झाले, 'सेमुम' झाला, 'दाब्बे' मालिकेतला 2013 चा भाग झाला (मेंदीच्या रात्री नवरी नवऱ्या मुलाला भोसकते, तो). डोक्यात तीन प्रश्न घोळतायत.

एक. हॉलिवूडच्या भूतबाधेच्या सिनेमात पाद्री येतो, झटापट होते आणि बहुतेक वेळा पोर वाचते. इथे होजा, म्हणजे मुसलमान धर्मगुरू, येतो, आयती (कुराणातली वचनं) म्हणतो, आपल्याला धीर येतो आणि शेवटी अख्खं घर मातीत जातं. इतका धार्मिक विषय, मग श्रद्धेचा विजय का दाखवत नाहीत?

दोन. यातलं कुराणातलं किती आणि गावात सांगोवांगी चालत आलेलं किती?

तीन. करणी करणारं माणूस दर वेळी घरातलंच का निघतं? बहीण, चुलत बहीण, सासू, जिवलग मैत्रीण.

नुसतं धक्कातंत्र असेल तर तसंही सांगा. मला मात्र तसं वाटत नाही. या सिनेमांत कुठेतरी फार गंभीर काहीतरी मुरलंय असं वाटत राहतं.

कातरवेळ

मी थोडी पार्श्वभूमी देतो, धर्माबद्दल जाणकारांनी लिहावं.

जुन्या तुर्की सिनेमात भयपट अगदी तुरळक. 1953 मध्ये ड्राकुलाला इस्तंबुलात आणलं गेलं. त्यात क्रूस कुठेच नाही, सगळी भिस्त लसणावर. 1974 मध्ये मेतिन एर्कसानने 'शैतान' केला. ज्याच्या 'सुसुझ याझ'ला 1964 साली बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळालं होतं तोच हा एर्कसान, आणि 'शैतान' म्हणजे अमेरिकन 'एक्झॉर्सिस्ट'चा जवळजवळ दृश्यागणिक उतारा. क्रूसाच्या जागी कागद कापायची सुरी आली, पवित्र पाण्याच्या जागी झमझम, म्हणजे मक्केच्या विहिरीचं पाणी, आलं, शेवटी मुलगी मशिदीत गेली. कपडे बदलले, हाडं कॅथलिकच राहिली.

खरा ओघ 2004 नंतरचा. त्या वर्षी तायलान बंधूंचा 'ओकुल' आणि ओरहान ओउझचा 'ब्युयू' आला. 2006 ला हसन काराजादागचा 'दाब्बे'. काराजादाग जपानमध्ये सिनेमा शिकला, आणि 'दाब्बे'वर कियोशी कुरोसावाच्या 'काइरो'ची छाप उघड आहे: इंटरनेटमधून पसरत जाणारं मरण. पण त्याने त्याचा धागा जोडला तो कुराणातल्या कयामतीच्या खुणेशी, सूरा (कुराणाचा अध्याय) नम्लच्या 82 व्या आयतीत जमिनीतून बाहेर येऊन माणसांशी बोलणारा जो जीव आहे त्याच्याशी. माझ्या मते तुर्की भयपटाला स्वतःची हाडं तिथे मिळाली. पुढच्याच वर्षी आल्पेर मेस्तचीचा 'मुसल्लत' आला, आणि 2014 पासून त्याचीच 'सिज्जिन' मालिका.

निलोफर

भुईकमळ, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं, म्हणून एकत्रच लिहिते. लांब होईल.

मी मुसलमान घरात वाढले. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं अंकाराला होते आणि यातले बरेच सिनेमे तिथल्या शेजारणींबरोबर थिएटरात पाहिले. भयाण चेहरा पडद्यावर आला की त्या किंचाळायच्या आणि मग हसायच्याही. पण सिनेमातलं कोणी एखाद्या नातलगाचे केस किंवा कपडा चोरून होजाकडे नेऊ लागलं की आमची रांग एकदम चिडीचूप. माझ्या शेजारची बाई पुटपुटायची, "तौबा कर, तौबा कर." ती हे जिनाला म्हणत नव्हती, त्या पात्राला म्हणत होती. या सिनेमांची भीती कुठे राहते ते मला तिथे समजलं.

जिन म्हणजे सैतानाची फौज नव्हे. कुराणात जिन ही माणसासारखीच एक निर्मिती आहे: माणूस मातीचा, जिन आगीचा. 'सेमुम' हे नाव सूरा हिज्रच्या 27 व्या आयतीत येणाऱ्या त्या होरपळवणाऱ्या आगीवरून घेतलंय. जिनांनाही बरंवाईट निवडायची मुभा आहे आणि त्यांचाही हिसाब होणार आहे. 72 वी सूरा त्यांच्याच नावाची आहे, आणि तिच्यात ते स्वतः म्हणतात की आमच्यात काही नेक आहेत, काही तसे नाहीत. त्याच सूरेत सहावी आयत आहे: माणसांपैकी काही जण जिनांपैकी काहींचा आसरा घेत, आणि त्यांनी त्यांचं ओझं वाढवूनच ठेवलं. तुम्ही पाहिलेल्यांपैकी बहुतेक कथानकं या एका आयतीत मावतील. पहिलं पाऊल माणूस टाकतो. जिन नंतर येतो.

आता याला सूरा इब्राहिमची 22 वी आयत जोडा. कयामतीच्या दिवशी सैतान आपल्या मागे आलेल्यांना सांगेल: तुमच्यावर माझी सत्ता नव्हती, मी फक्त हाक मारली आणि तुम्ही ओ दिलीत, मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. लहानपणी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त भीती याची वाटली होती, आणि आजही वाटते. बोट दाखवायला समोर कोणी उरतच नाही.

म्हणून पाद्री आणि होजा यांची तुलना मुळातच जमत नाही. कॅथलिक कथेत निष्पाप मुलीत बाहेरचं काहीतरी घुसतं, आणि ते हाकलण्याचा अधिकार चर्चने नेमलेल्या माणसाकडे असतो. सुन्नी इस्लाममध्ये असा अधिकार कुणाकडेच नाही. होजा वाचतो. आयतुल कुर्सी वाचेल, फलक आणि नास वाचेल. या शेवटच्या दोन सूरा तर "मी आसरा मागतो" अशाच सुरू होतात. होजाने कितीही मनापासून वाचलं तरी मागण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. ज्या घरासाठी तो मागतोय त्या घरात कोणीतरी एखादी गोष्ट दाबून ठेवलेली असते. तिची कबुली त्याच्या कानावर येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आणि ती दाबलेली गोष्ट जवळपास नेहमी दुसऱ्या माणसाचा हक्क बुडवण्याची असते. तुर्कस्तानात याला 'कुल हक्की' म्हणतात, आमच्याकडे हुकूकुल इबाद म्हणून शिकवतात. नमाज चुकली, रोजा चुकला, तर अल्लाहकडे माफी मागता येते. पण तुम्ही माणसाचं काही लुबाडलंत, त्याच्यावर आळ घेतलात, त्याचा संसार मोडलात, तर आधी त्या माणसाने माफ करायला हवं. अंकारात शेजारच्या एका आजोबांच्या जनाज्याला मी मशिदीच्या अंगणात बायकांमध्ये मागे उभी होते. दगडी चौथऱ्यावर ताबूत ठेवलेलं. इमामाने जमलेल्यांना विचारलं, मयताला तुम्ही कसं ओळखत होतात? सगळे म्हणाले, चांगला माणूस म्हणून. मग त्याने विचारलं, तुमचा याच्यावर जो हक्क असेल तो तुम्ही हलाल करता का, म्हणजे सोडून देता का? सगळे म्हणाले, हलाल केला. तिथे हे प्रत्येक जनाज्याला होतं. म्हणजे तिथला प्रेक्षक लहानपणापासून हा प्रश्न ऐकत मोठा झालेला असतो. 'हलाल केला' म्हणायला नकार देणारं कोणीतरी असेल तर काय, एवढ्याच विचारावर मेस्तचीचे सिनेमे उभे आहेत असं मला वाटतं.

'सिज्जिन' घ्या. ओझनुरचं आतेमामे-चुलतांपैकी एकावर, कुद्रेतवर, लहानपणापासून मन. त्याचं लग्न निसाशी झालेलं. ती करणी करवते. सूरा बकराच्या 102 व्या आयतीत बाबिलमधल्या हारूत आणि मारूत या फरिश्त्यांची गोष्ट आहे: लोक त्यांच्याकडून नवराबायकोत फूट पाडणारी विद्या शिकत. जादूची इतकी उदाहरणं देता आली असती, पण कुराणाने नाव घेऊन सांगितलं ते संसार मोडण्याचं. आणि तिथेच पुढे म्हटलंय की अल्लाहच्या परवानगीशिवाय ते कुणाचंही नुकसान करू शकत नव्हते. 'सिज्जिन' हे नावही 83 व्या सूरेतलं आहे, दुराचाऱ्यांची नोंद जिथे आहे ते. ती सूरा सुरू कशी होते माहितीये? मापात मारणाऱ्यांचा नाश असो. देताना कमी मोजणारे. म्हणजे तिथेही पहिला गुन्हा दुसऱ्याचा हक्क खाण्याचाच.

घरातलंच माणूस का, याचं उत्तर माझ्यापुरतं हेच. ज्याचा हक्क आपण बुडवू शकतो तो माणूस जवळचाच असतो. परक्याचा हेवा करायला त्याचं सुख रोज डोळ्यांसमोर कुठे असतं?

आता तुमचा दुसरा प्रश्न. सिनेमात ज्याने अंगावर काटा येतो त्यातलं पुष्कळसं कुराणात नाही. उलटी पावलं, उंबऱ्याखाली पुरलेला ताईत, डुकराची चरबी, पडकी हमामं, उकिरडे, रात्री लागणारी जिनांची लग्नं, हे सगळं अनातोलियातल्या आजीबायांचं. आमच्या खालच्या मजल्यावर एक तेझे राहायची, तेझे म्हणजे मावशी. रात्री मोरीत उकळतं पाणी ओतताना आधी "देस्तूर" म्हण, तिथे कोणी असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं. जिन हा शब्द ती कधी उच्चारायची नाही, "त्यांची वेळ बरी असो" एवढंच म्हणायची. बाळंतिणीच्या उशाशी लाल फीत बांधलेली मी तिच्याच घरात पाहिली. अलकारिसी नावाची बाई बाळंतिणीला छळते म्हणून. हे शास्त्रात बसत नाही असं तिच्या मुलाने सांगितलं की ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि फीत तशीच ठेवायची.

पण लोककथाही शेवटी शिष्टाचारच शिकवतात हे लक्षात घ्या. न दिसणाऱ्यालाही विचारून पाणी ओत. त्याचंही पोर भाजू शकतं. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि सिनेमावाले त्यातली उलटी पावलं तेवढी उचलतात आणि हा अदब मागे टाकतात याचं वाईट वाटतं.

होजाबद्दल एक राहिलं. सिनेमातला जिंजी होजा, म्हणजे जिन काढणारा, हा तुर्कस्तानात कायद्याने गुन्हेगार आहे. 30 नोव्हेंबर 1925 च्या 677 क्रमांकाच्या कायद्याने दर्गे आणि खानका (सुफी मठ) बंद झाले, त्याच कायद्यात भविष्य सांगणं, जादूटोणा, फुंकर घालून बरं करणं, इच्छापूर्तीसाठी ताईत लिहून देणं यांवर किमान तीन महिने कैद ठेवली. सरकारी धर्मखातं, 1924 चं दियानेत, तेही असल्या लोकांकडे जाणं निषिद्धच मानतं. आणि ही बदनामी प्रजासत्ताकाच्या आधीची. सतराव्या शतकात सुलतान इब्राहिमला बरं करायला साफ्रानबोलूचा हुसेन नावाचा एक होजा राजवाड्यात आला. मंत्रतंत्राच्या जोरावर साम्राज्यातल्या सर्वोच्च काझींपैकी एक झाला, अफाट पैसा केला आणि 1648 मध्ये सुलतानाबरोबर तोही संपला. जिंजी होजा हे नाव इतिहासात त्याचंच. त्याने बांधवलेली सराई साफ्रानबोलूत अजून उभी आहे, मी पाहिली आहे, जाड दगडी भिंतींची, किल्ल्यासारखी.

तेव्हा तुर्की प्रेक्षक होजा पडद्यावर आल्यावर आपल्यासारखा निर्धास्त होत नाही. तो आधी विचारतो, हा कुठला? वाचणारा की विकणारा? करणी करून देणाराही होजाच म्हणवतो आणि उतरवणाराही. शिवाय जिनाला विचारून छुपं सांगण्याचा जो धंदा आहे त्याला कुराणातच आधार नाही. सूरा सबाच्या 14 व्या आयतीत सुलेमान काठीला टेकून उभे असतानाच वारतात, आणि जिन बिचारे राबतच राहतात, वाळवी काठी पोखरून देह खाली पडेपर्यंत. गैबचं, म्हणजे दडलेल्या गोष्टींचं, ज्ञान त्यांना असतं तर ते इतके राबले असते का, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

उंबरठा

निलोफर, फार आवडलं, पण दोन ठिकाणी पटत नाही.

'मुसल्लत'मध्ये सुआत बर्लिनला कामाला जातो, बायको नुरजान गावी. जिन तिच्यावर आशक झालेला. तिने कुणाचा हक्क बुडवला होता? काहीही न करता ती उद्ध्वस्त होते. तुमची चौकट तिथे मोडते.

आणि हक्काचीच गोष्ट आहे तर शिक्षा बायकांनाच का? बिराय दालकिरानचा 2006 चा 'आराफ' पाहिलाय का? विवाहित पुरुषाशी संबंध, गर्भपात, आणि मग त्या नर्तकीच्या मागे लागलेलं ते सगळं. तुर्कस्तानात 1983 पासून दहा आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. जे कायद्याने गुन्हा नाही त्याची सजा भयपट देतोय, आणि तो पुरुष? त्याच्या वाट्याला तिच्या निम्मंही येत नाही. मला यात कुराण कमी आणि मोहल्ल्याची नजर जास्त दिसते. 'सिज्जिन'मध्येही हेवा करणारी बाई, भोगणारी बाई, आणि कुद्रेत मधल्या मध्ये.

निलोफर

उंबरठा, दुसरा मुद्दा पूर्ण मान्य, आणि मला त्याचा रागही येतो. फलक सूरेत गाठींवर फुंकर मारणाऱ्यांपासून आसरा मागितलाय, आणि तिथे रूप स्त्रीलिंगी आहे. कुराणाच्या जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी त्याचा अर्थ जादूगारणी असा घेतला, काहींनी तो स्त्रीपुरुष दोघांना लागू केला. सिनेमाने पहिला अर्थ सोयीचा म्हणून उचलला. हक्क बुडवण्यात पुरुष कुठे कमी आहेत? जमिनीचे वाटे, बहिणीचा वारसा, कामगाराची मजुरी. यावर जिन उठवणारा तुर्की भयपट मी अजून पाहिला नाही आणि मला तो बघायचाय. जान एव्रेनोलचा 2015 चा 'बास्किन' पोलिसांच्या पथकाला नरकात उतरवतो, तेवढी एक वाट पुरुषांकडे वळते. पण त्यात जिन नाही, ताईत नाही, ती घडणच वेगळी.

'मुसल्लत'बद्दल मात्र मी थोडं वेगळं म्हणेन. माणसावर जिन आशक होणं ही फार जुनी लोककथा आहे, हिसाबाची कथा नाही. ती दुःखाची कथा आहे, आणि म्हणूनच तो सिनेमा इतरांपेक्षा हळवा झाला. पोटासाठी नवरा जर्मनीत आणि बायको गावी, हे 1961 च्या कामगार करारापासून लाखो तुर्की घरांनी भोगलंय. परत आलेला माणूस तोच आहे का, ही भीती त्या घरांत आधीपासून होती. मेस्तचीने तिला फक्त चेहरा दिला. पाहताना माझ्या शेजारच्या बाईने तौबा म्हटलं नाही, ती रडत होती. तिचे वडील कोलोनला कारखान्यात होते.

कातरवेळ

याला एक पुरवणी. 2013 च्या 'दाब्बे'त एब्रू ही मानसोपचारतज्ज्ञ कॅमेरे लावून फारुक या होजाचं काम तपासायला जाते. ती सगळं टिपते, हरएक कोपऱ्यातून. तरी क्युब्राच्या, म्हणजे त्या बाधा झालेल्या नवरीच्या, घरात मागच्या पिढीने काय केलंय ते कॅमेऱ्यात कुठून येणार? निलोफर म्हणतात ती दाबलेली गोष्ट इथे थेट कथानकातच आहे. होजा आणि डॉक्टर दोघांनाही घरच्यांनी अर्धंच सांगितलेलं असतं.

भुईकमळ

सगळ्यांचे आभार. 'सिज्जिन' पुन्हा बघावा लागणार. पहिल्यांदा मी जिन कधी दिसतो याचीच वाट बघत होतो. निलोफर, आता पुढे कोणत्या क्रमाने बघू? आणि घरात आई असते, तिच्यासोबत बघण्याजोगा कोणता?

निलोफर

आईसोबत 'मुसल्लत', तोही दिवसा. रक्तपात आहे, पण त्यातल्या माणसांशी नातं जुळतं. त्यानंतर एकट्याने 2006 चा 'दाब्बे', तो संथ आहे, घाई करू नका. मग 'सिज्जिन' पुन्हा, आणि या वेळी ओझनुर होजाच्या दारात उभी राहते तिथपर्यंतच लक्ष देऊन बघा: तिला थांबायला किती जागा मिळतात ते मोजत. 'शैतान' सगळ्यांत शेवटी, तोवर त्यातलं काय उसनं आहे ते तुम्हालाच दिसायला लागेल. 'बास्किन' आईच्या नजरेस पडू देऊ नका.